रंकाळ्याचे केंदाळ परड्यात नको

प्रश्न : रंकाळा तलावातल्या केंदाळाला (जलपर्णीला) जांभळी फुले सुरेख येतात. परड्यातल्या हौदात दोन रोपे सोडली तर चालतील का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नको. फुलांना भुलूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती बंगालमध्ये आणली गेली. आज ती पंचगंगा नदीतही आहे. देठाचा फुगवटा कापून पाहा. आत हवेच्या पोकळ्या दिसतील, म्हणून ती बुडत नाही. आडव्या फुटव्यांना नवी रोपे येतात आणि पोषक पाण्यात संख्या दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो. मासे आणि पाण्याखालच्या देशी वनस्पती गुदमरतात. बिया गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. केंदाळ पोसते ते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. नाले न रोखता नुसते केंदाळ उपसणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असे माझे स्पष्ट मत.

हौदात देशी कुमुदिनी लावा. (डासांसाठी गप्पी मासे सोडाल, तर तेही परदेशीच; ओढ्यात जाऊ देऊ नका.) रोपे आणलीच असतील तर उन्हात कडक वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, गटारात नको.