‘पण’ न लावता

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, “ताई, देवाजवळ क्षमा मागितली, आता हलकं वाटतं.” बरं वाटलं ऐकून. पण ज्या नणंदेला बोललीस तिच्याकडे अजून गेली नाहीस, हे कळलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. म्हणून माझंच एक सांगते, आजवर तुला सांगितलं नव्हतं.

इथे खामगावात आमच्या महिला मंडळाची वर्गणी माझ्याकडे असायची. एकदा पाचशे रुपये कमी भरले. पैसे मोजले होते जाऊबाईंनी. मी त्यांना तोंडावर काही विचारलं नाही, चार बायकांत मात्र त्यांचं नाव घेतलं. महिन्याभराने ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं, तर पानांत घडी केलेली पाचशेची नोट. मीच ठेवलेली. ती गुपचूप पेटीत टाकली आणि पुढचे तीन महिने प्रार्थनासभेत “प्रभू, मी मोठी पापी” म्हणून रडत राहिले. बायका म्हणायच्या, ताई किती लीन झाल्या! मला ते गोड लागायचं गं. मोठी पापी म्हणवून घेताना त्या नोटेचं नाव काढावं लागत नव्हतं ना.

मग एका रविवारी पाळकांनी मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला. अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी भावाशी समेट करायला जायचं, तो भाग. त्या दिवशी प्रभुभोजनाचा प्याला हातात घेववेना. दुपारी गेले. जाऊबाई भाकरी करत होत्या. म्हटलं, “चुकलं माझं, पण तुम्हीही तेव्हा...” त्यांनी मान वर केली नाही. भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. माझा तो ‘पण’ माझ्याच कानांना टोचला. पुन्हा म्हटलं, “नोट माझ्या पुस्तकात होती. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला.”

त्यांनी एवढंच विचारलं, “त्या चौघींले सांगितलं काय?”

चार घरं फिरले बाई त्या संध्याकाळी. बायबलमधला जक्कय लुबाडलेलं चौपट परत द्यायला तयार झाला, हे लहानपणापासून ऐकत आले होते. ते द्यायला किती जड जातं, ते त्या चार दारांत कळलं.

आपल्या पंडिता रमाबाईंचं बघ. बाप्तिस्मा 1883 मधला. पण 1907 मध्ये छापलेल्या साक्षीत त्या सांगतात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त भेटायला पुढे कितीतरी वर्षं लागली. देशभर गाजलेल्या विदुषीने हे जगापुढे कबूल केलं! 1905 मध्ये केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मुली पापं कबूल करत रडल्या, ते संजीवन आपण नेहमी आठवतो. मला रमाबाईंची ही शांत कबुली जास्त जवळची वाटते.

आणि हो, नम्र व्हायचं म्हणजे कुणाचाही मार खात बसायचं नाही. जे केलं नाहीस त्याची माफी मागू नकोस, तेही खोटंच. केलंस तेवढं नाव घेऊन सांग.

जाऊबाई पुढे दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. तो त्यांचा हक्क होता. तुझीही नणंद लगेच बोलेल असं नाही. तरी जा. या रविवारी प्रभुभोजन आहे, त्याआधी जाऊन ये.