दात काढल्यावर गाल एकदम फुगला तर

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत हवेच्या नळीला किती जोर असतो, हे आपल्या घरातल्या कामगारांना ठाऊक आहे. दातांच्या डॉक्टरांचं कोरायचं मशीनही बहुधा दाबाच्या हवेवरच फिरतं. अक्कलदाढ काढताना क्वचित ही हवा जखमेतून कातडीखाली शिरते. गाल, मान बघता बघता फुगते.

लोक म्हणतात, इंजेक्शनची रिअॅक्शन आली. आम्ही सांगतो, आधी हलकेच बोट लावून बघा. मुरमुरे दाबल्यासारखी कुरकुर लागली तर ती हवा. रिअॅक्शनमध्ये खाज सुटते, गांधी उठतात. पू धरायला एक-दोन दिवस जातात.

ही हवा बहुतेकदा आठवडा-दहा दिवसांत आपोआप जिरते. तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, खाडा पडला तरी चालेल. सूज चोळू नका, नाक जोरात शिंकरू नका, चुलीत फुंकणी मारू नका. १९०० साली नोंदलेल्या एका रुग्णाने तर दात काढल्यावर बिगुल वाजवला होता!

धाप लागली, छातीत दुखलं, आवाज बदलला, गिळता येईना, तर हवा छातीत उतरली असू शकते. लगेच १०८ ला फोन करा, सीपीआर गाठा. तिथं पहिल्यांदा सांगा, दात कधी काढला.