वितळतार

मार्गशीर्षातील काळोखी रात्र होती. चिपळूणहून कराडकडे निघालेली एक मोटार पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढत होती. मोटार जुनी, म्हणजे पंधरा वर्षे वापरलेली, आणि ती हाकीत असलेले गृहस्थ व्यवसायाने शाळामास्तर होते. शेजारी त्यांची पत्नी, मागे बारा वर्षांची मुलगी आणि तिच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेला धाकटा भाऊ. एका नागमोडी वळणावर मोटारीचे पुढचे दोन्ही दिवे एकाएकी मालवले.

एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस दरी असताना समोरचा रस्ता नाहीसा होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच ठाऊक. मास्तरांनी सुदैवाने घाबरून चाक वळवले नाही. वेग हळूहळू कमी करीत त्यांनी मोटार कड्याच्या अंगाला उभी केली, इशाऱ्याचे लुकलुकणारे दिवे लावले आणि खाली उतरून मागच्या चाकांखाली दोन मोठे दगड सरकवले. इंजिन चालू होते. मागचे तांबडे दिवे जळत होते. भोंगा वाजत होता. नव्हते ते फक्त पुढचे दिवे.

“बाबा, बॅटरी संपली का?” मुलीने विचारले.

“बॅटरी संपली असती तर सगळेच दिवे मंदावले असते. ही एकाच वाटेवरची अडचण दिसते,” मास्तर म्हणाले.

चालकाच्या गुडघ्याजवळ एक लहानशी पेटी होती. तिचे झाकण काढताच आत रंगीबेरंगी तुकड्यांच्या रांगा दिसल्या. तांबडा, निळा, पिवळा, हिरवा असे ते तुकडे एखाद्या खेळण्यासारखे दिसत होते. कोणता तुकडा कशासाठी, याचा तक्ता झाकणाच्या आतल्या बाजूस छापलेला होता. मास्तरांनी दिव्यांचा खटका बंद केला, पेटीतल्याच चिमट्याने एक निळा तुकडा ओढून काढला व विजेरीच्या उजेडात धरला. त्याच्या दोन चपट्या पायांना जोडणारी बारीक पट्टी मधोमध वितळून तुटली होती. पेटीत राखीव म्हणून ठेवलेला दुसरा निळा तुकडा त्यांनी तेथे बसवला. खटका पुन्हा दाबला मात्र, पेटीत बारीकसा आवाज झाला आणि तोही तुकडा क्षणात निकामी झाला.

येथे थोडे थांबून त्या निळ्या तुकड्याचा विचार करणे इष्ट होईल. व्यवहारात ज्याला आपण फ्यूज म्हणतो, त्यालाच शास्त्राच्या पुस्तकात वितळतार असे नाव आहे. हे नाव मोठे समर्पक आहे. वितळणे हा तिचा दोष नसून तेच तिचे काम आहे.

मोटारीतील वीज घटमालेत, म्हणजे बॅटरीत, साठवलेली असते. नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या व सौम्य गंधकाम्ल असलेले सहा घट असतात. प्रत्येक घटाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक. म्हणून सहा मिळून बारा व्होल्ट होतात. इंजिन चालू असताना त्याच्या पट्ट्यावर फिरणारे जनित्र ही बॅटरी पुन्हा भरत राहते. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह तारेतून वितळतारेत, तेथून खटक्यात, तेथून दिव्यात जातो. पुढे काय? घरातल्या दिव्याकडे दोन तारा गेलेल्या असतात, एक जाण्याची व एक परतण्याची. मोटारीत बहुतेक ठिकाणी परतीची लांब तार नसते. मोटारीचा पोलादी सांगाडा हीच परतीची वाट. बॅटरीचे ऋण टोक एका जाड तारेने त्या सांगाड्याला पक्के बांधलेले असते. अशी योजना केल्याने निम्म्या तारा वाचतात. परंतु एक धोकाही पत्करावा लागतो. जाणाऱ्या तारेवरचे आवरण कोठे घासले आणि आतले तांबे सांगाड्याला टेकले, तर प्रवाहाला दिव्यापर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. त्याला घराची जवळची वाट सापडते.

थोडे गणित पाहू. पुढचा एक दिवा सुमारे ६० वॅटचा असतो. साठाला बारांनी भागले की पाच उरतात. म्हणजे एका दिव्यातून पाच अँपिअर आणि दोन दिव्यांतून दहा अँपिअर प्रवाह वाहतो. या मोटारीत त्या वाटेवर १५ अँपिअरची निळी वितळतार होती. तार सांगाड्याला टेकल्यावर मात्र हाच प्रवाह एकदम शंभर अँपिअरच्याही पुढे जाऊ शकतो. आता उष्णतेचा हिशेब प्रवाहाच्या हिशेबाने चालत नाही. प्रवाह दुप्पट झाला तर तारेत चौपट उष्णता उत्पन्न होते, आणि प्रवाह दहापट झाला तर शंभरपट! इंग्लंडमधील जेम्स ज्यूल या शास्त्रज्ञाने हा नियम १८४० च्या सुमारास शोधून काढला. इतकी उष्णता तारेवरचे प्लॅस्टिकचे आवरण सोसू शकत नाही. ते आधी मऊ पडते, मग धुमसते, मग पेटते. आणि शेजारी तशाच पन्नास तारांची जुडी असते.

वितळतारेतील पट्टी बहुधा जस्ताची असते. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर तांब्याला त्यासाठी १०८५ अंश लागतात. शिवाय ती पट्टी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. म्हणून सगळी तार तापण्यापूर्वी ही एवढीशी पट्टी वितळते आणि वाट तोडते. तिचे काम दिव्याचे रक्षण करणे हे नव्हे. ती रक्षण करते तारेचे, पर्यायाने मोटारीचे आणि आत बसलेल्या माणसांचे. पुष्कळ मोठ्या माणसांनाही हा भेद माहीत नसतो.

पहिली वितळतार कधी कधी केवळ वय झाल्यामुळेही तुटते. पण नवी बसवताक्षणी तीही जळावी, ही साक्ष निराळी होती.

तेवढ्यात खालून एक मालट्रक घाट चढत आला. मोटार पाहून तो थांबला व त्यातून एक तरुण क्लीनर उडी मारून उतरला. हकीकत ऐकून तो हसला. “एवढंच ना, साहेब? सिगारेटच्या पाकिटातली चांदी आहे माझ्याकडे. फ्यूजच्या पायांना गुंडाळतो. कराडपर्यंत काही होत नाही.”

मास्तर क्षणभर विचारात पडले. रात्रीचे दहा वाजत आले होते, मुले थंडीने आखडली होती आणि दिवे तर हवेच होते. त्यांना आग्रह न करताही ते कदाचित कबूल झाले असते. पण ट्रकचा चालक, पिकल्या मिशांचा एक वयस्क गृहस्थ, मागून येऊन पोहोचला होता.

“चांदी ठेव खिशात,” तो क्लीनरला म्हणाला. मग मास्तरांकडे वळून, “साहेब, किती फ्यूज गेले?”

“दोन. दुसरा तर खटका दाबताच गेला.”

“मग तार कुठंतरी टेकलीय. चांदीनं दिवे लागतील न लागतील, पण चांदी काही जळायची नाही. जळेल ती तार. मोटारीत लेकरं आहेत तुमच्या.”

त्याने मुलीच्या हाती विजेरी दिली. “बाळ, मी सांगेन तिथं उजेड धर.” वितळतार काढलेलीच असल्याने त्या तारेत प्रवाह नव्हता, तरी त्याने खटका बंद असल्याची खात्री करून घेतली. पुढचे झाकण उघडून तो डाव्या दिव्यापासून तारेमागोमाग बोट फिरवू लागला. डावीकडे सर्व ठीक होते. उजव्या दिव्यामागे तार एका पत्र्याच्या भोकातून आरपार गेली होती. अशा भोकाला रबराचे कडे बसवलेले असते, म्हणजे पत्र्याची धार तारेला लागत नाही. ते कडे वाळून कधीच गळून पडले होते. पंधरा वर्षांच्या हादऱ्यांनी पत्र्याने आवरण कापले होते आणि आत तांबे चकाकत होते.

“दिसलं का, बाळ?”

“दिसलं! पत्र्याला टेकलंय.”

चालकाने तार अलगद बाजूला घेतली, फडक्याने पुसली, तिच्यावर विद्युतरोधक पट्टी तीन वेढे घट्ट गुंडाळली आणि तार पुन्हा धारेला लागू नये म्हणून तेथे रबरी नळीचा एक तुकडा चिरून बसवला. आता प्रश्न वितळतारेचा. राखीव एकही शिल्लक नव्हती. झाकणावरचा तक्ता वाचून मुलीनेच सुचवले, “रेडिओचाही फ्यूज पंधराचाच आहे.” रेडिओवाचून कोणाचे काही अडणार नव्हते. तो निळा तुकडा दिव्यांच्या जागी गेला, खटका दाबला गेला आणि घाटाचा रस्ता पुढच्या वळणापर्यंत लख्ख उजळला. चालकाने चहाचे पैसेही घेतले नाहीत. त्याचा ट्रक पुढे व मोटार मागे, अशी दोन्ही वाहने हेळवाकपर्यंत बरोबर गेली.

मोटारीत ही सारी विद्युत्व्यवस्था पहिल्यापासून नव्हती. आरंभीच्या मोटारींचे पुढचे दिवे वायूवर जळत. एका डबीत कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडत, त्यातून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो काडीने पेटवावा लागे. इंजिन सुरू करण्यासाठी पुढच्या बाजूस लोखंडी दांडा घालून हाताने फिरवावे लागे. तो दांडा उलटा फिरला तर मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत ती प्रथम आली. त्याच मोटारीला विजेचे दिवेही होते. केटरिंगने पूर्वी दुकानातील पैशांच्या यंत्रासाठी विजेची मोटर बनवली होती. इंजिनाला धक्का देण्याचे काम काही क्षणांचे असते, तेव्हा लहान मोटरवर तेवढ्यापुरता मोठा भार टाकला तरी चालेल, हे त्याने त्या यंत्रावरून हेरले. आजही मोटारीत सर्वांत अधिक प्रवाह हीच मोटर घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कराडात मास्तरांनी मोटार मिस्त्रीकडे नेली. मुलगी हट्टाने बरोबर गेली. मिस्त्रीने भोकाला नवे रबरी कडे बसवले, जखमी तार बदलली आणि मग सवयीप्रमाणे बॅटरीकडे पाहिले. तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली होती. टोके सोडवताना त्याने आधी ऋण टोक सोडले. मुलीने कारण विचारले.

“आधी धन टोक सोडायला गेलो आणि पाना घसरून पत्र्याला लागला, तर पान्यातूनच सगळी वीज जाते. ठिणग्या उडतात, हात भाजतो. ऋण टोक आधी सुटलं की वाटच तुटली. मग पाना कुठंही लागू दे. जोडताना मात्र उलट, ऋण टोक शेवटी.”

खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने त्याने टोके धुतली, कोरडी केली, घट्ट आवळली व वर व्हॅसलीनचा हलका हात फिरवला. सांगाड्याला जोडलेल्या तारेखालचा गंज त्याने खरवडून काढला. परतीच्या वाटेवर गंज चढला की दिवे मंद जळतात, किंवा ब्रेक दाबताच दुसरेच दिवे लुकलुकू लागतात. आणि लोक उगाच दिवे बदलत बसतात. गॅरेजच्या कोपऱ्यात विजेवर चालणारी एक मोटार उभी होती. मुलगी तिच्याकडे वळताच मिस्त्रीने तिला हटकले. तसल्या मोटारीत जाड नारिंगी आवरणाच्या तारा असतात आणि त्यांतील दाब बारा नव्हे, तर अनेक मोटारींत ३०० ते ४०० व्होल्ट असतो. त्यांना विशेष शिक्षण घेतलेल्या माणसानेच हात लावायचा असतो.

शेवटी मिस्त्रीने वितळतारांची पेटी उघडली. एकेक तुकडा तो तक्त्याशी ताडून पाहू लागला. तांबडा दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. भोंग्याच्या जागेवरचा तुकडा बाहेर काढताच तो थबकला. त्यातील पट्टी केव्हाच तुटलेली होती आणि दोन्ही पायांभोवती तांब्याच्या तारेचा एक तुकडा पीळ देऊन बांधला होता. मोटारीच्या आधीच्या मालकाने केव्हातरी भागवलेली ती नड होती.

“हे तुम्ही केलंत?”

“नाही हो. मला ठाऊकही नव्हतं.”

मिस्त्रीने भोंग्याची तार बाहेर ओढली. तिचे तांबडे आवरण हातभर लांबीत तपकिरी पडले होते. त्याने ती किंचित वाकवताच आवरण जुन्या पापडासारखे तडकले आणि त्याच्या कपच्या तळहातावर पडल्या. शेजारच्या दोन तारांवरही काळे डाग उमटले होते. मास्तरांनी काही न बोलता मागच्या आसनाकडे पाहिले.

त्या तिन्ही तारा बदलायला दुपार झाली. भोंग्याच्या जागी तक्त्यातील आकड्याची नवी वितळतार बसली, रेडिओला त्याचा निळा तुकडा मिळाला आणि प्रत्येक रंगाचे दोन-दोन तुकडे राखीव म्हणून पेटीत गेले. निघताना मुलीने मिस्त्रीकडून ती तडकलेली तार मागून घेतली व वर्गात दाखवायला म्हणून कागदात गुंडाळून दप्तरात ठेवली.