घरातील वायफाय : जोडणी आणि दक्षता

स्मरणिकेसाठी समाजाला उपयोगी पडेल असे काही लिहावे, असा कार्यकारिणीने आग्रह धरला, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो आणि पुढे बँकेत लिपिक म्हणून चिकटलो. तंत्रज्ञान हा आमचा प्रांत नव्हे. तथापि गेल्या काही वर्षांत नाशिकच्या सिडकोतील आमच्या गल्लीत अनेकांचे राऊटर लावून देण्याचे काम आमच्याकडे आपोआप आले. त्यातून जे शिकलो, तेवढेच येथे मांडत आहोत.

या शिक्षणाची सुरुवात मोठ्या फजितीने झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये कोरोनामुळे पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन झाल्या. आमची पुतणी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन पेपरला बसली होती. निम्मा पेपर झाला आणि पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहिले. ती रडकुंडीला आली. आम्ही कंपनीला फोन लावून पलीकडच्या मुलाला नाही नाही ते बोललो. तो बिचारा शांतपणे एवढेच विचारत होता, "काका, राऊटर कुठे ठेवलाय?" राऊटर होता खालच्या खोलीत, टीव्हीच्या शोकेसमध्ये, स्टीलच्या डब्यांच्या मागे. दिसायला बरे दिसत नाही म्हणून आम्हीच तेथे लपवला होता. शेवटी पुतणी लॅपटॉप घेऊन खाली आली, शोकेसला टेकून बसली आणि पेपर पूर्ण केला. त्या मुलाला आपण काय काय बोललो, हे आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते.

वायफाय म्हणजे रेडिओ. आकाशवाणीच्या लहरींप्रमाणेच या लहरी, फक्त त्यांची ताकद अगदी कमी. लोखंडी पत्रा व आरसा त्यांना परतवतो, पाणी त्यांना शोषून घेते, सिमेंटचा स्लॅब त्यांना दमवतो. म्हणून कपाट, माशांची काचेची टाकी, फ्रिजचा माथा आणि मायक्रोवेव्हचा शेजार या जागा राऊटरसाठी वर्ज्य समजाव्यात. घराच्या साधारण मध्यभागी, छातीच्या उंचीवर किंवा थोडे वर, उघड्यावर तो ठेवावा. आमच्यासारखे वरखाली घर असेल, तर जिन्याची मोकळी जागा सर्वांत उत्तम. अँटेना उभी असेल तर लहरी प्रामुख्याने आडव्या पसरतात. त्यामुळे दोन अँटेना असल्यास एक उभी ठेवून दुसरी आडवी करावी, म्हणजे वरच्या मजल्यालाही काही पोचते.

बाहेरून येणारी फायबरची तार ही केसाइतक्या बारीक काचेची असते व तिच्यातून प्रकाश धावतो. ती खिळ्याला गुंडाळू नये, दारात चेंगरू नये. डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल झाला, तर प्रकाशच घरापर्यंत येत नाही असे समजावे. अशा वेळी राऊटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, तक्रारच नोंदवावी. उलट सर्व दिवे ठीक असून फक्त एका खोलीत नेट चालत नसेल, तर दोष बहुधा घरातच असतो. याची परीक्षा सोपी आहे. राऊटरपाशी उभे राहून वेग मोजावा, मग त्या खोलीत जाऊन मोजावा. राऊटरपाशी वेग चांगला आणि खोलीत वाईट असेल, तर कंपनीशी भांडू नये.

आजच्या बहुतेक राऊटरवर दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला भिंतींतून दूरवर जातो पण गर्दीचा, दुसरा वेगवान पण भिंतीला लवकर थकणारा. सिडकोत घराला घर आणि भिंतीला भिंत लागून आहे. मोबाइलवर पाहिले तर एकाच ठिकाणी वीस-वीस वायफायची नावे दिसतात. या गर्दीत २.४ च्या पट्ट्यावर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता राहू शकतात. ज्या चॅनेलवर शेजारी कमी, तो निवडावा. राऊटरजवळचा लॅपटॉप ५ वर जोडावा. जुना प्रिंटर किंवा स्वस्त कॅमेरा ५ च्या पट्ट्यावर दिसतच नाही, तो बिघडला असे समजून दुकानात नेऊ नये. टीव्ही राऊटरच्या शेजारीच असेल तर त्याला सरळ लॅनची वायर जोडावी, तेवढीच हवेतील गर्दी कमी.

वीज गेली की राऊटर बंद पडतो, मग बाहेरची तार चालू असून काय उपयोग? बऱ्याच राऊटरना १२ व्होल्ट लागतात. त्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. मात्र घेण्यापूर्वी आपल्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून दुकानदाराला सांगावेत.

आता पासवर्डविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल. राऊटरला दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एक वायफायला जोडण्याचा, दुसरा राऊटरच्या आतील व्यवस्था बदलण्याचा. दुसरा डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो व अनेक ठिकाणी तो 'ॲडमिन' एवढाच असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा चिठ्ठीवर असेल तो क्रमांक इंग्रजी आकड्यांत टाकून आत जावे आणि तो पहिल्याच दिवशी बदलावा. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे, डब्ल्यूपीएस बंद करावे. वायफायचा पासवर्ड मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव असा नसावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून लिहिले, तर लक्षातही राहतात आणि फोडायलाही कठीण जातात. बँकेत आम्ही पाहतो, सही केलेला कोरा चेक कोणी शेजाऱ्याकडे ठेवत नाही. पासवर्ड मात्र गल्लीभर वाटला जातो.

आमच्या अभ्यासिकेत हाच प्रश्न उभा राहिला. तेथे मुले स्पर्धा परीक्षांचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात. अनेकांच्या घरी नेट नाही, वडिलांच्या मोबाइलचा डेटा दुपारीच संपतो. पासवर्ड हळूहळू बाहेर फुटला आणि रात्री अनोळखी तरुण पायरीवर मोबाइल घेऊन बसू लागले. बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी नवी मुंबईची आठवण दिली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला. त्याचा माग पोलिसांना सानपाड्यातील एका घराच्या वायफायपर्यंत घेऊन गेला. तेथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाच्या जोडणीचा दुसऱ्यांनीच गैरवापर केला होता, पण चौकशीला त्यालाच सामोरे जावे लागले. हे ऐकून अर्धी बैठक म्हणाली, वायफाय बंदच करा.

बंद केले असते तर अर्ज भरायला मुले कोठे गेली असती? आम्ही विरोध केला, थोडी शब्दाशब्दीही झाली. अखेर राऊटरमध्ये 'गेस्ट' नावाची जी वेगळी जोडणी असते, ती मुलांसाठी चालू केली. तिच्यावरून आलेल्याला कार्यालयाचा संगणक व प्रिंटर दिसत नाही. रात्री दहानंतर ती आपोआप बंद होईल, अशी वेळही लावली. मात्र एक गैरसमज दूर करावयास हवा. गेस्ट जोडणीमुळे आपली उपकरणे सुरक्षित राहतात, जबाबदारी टळत नाही. बाहेरच्या जगाला दोन्हींचा पत्ता एकच दिसतो आणि बिल ज्याच्या नावावर, त्याच्याच दारी पोलीस येणार.

म्हणून दाराशी एक रजिस्टर ठेवले आहे. नाव, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. सुरुवातीला मुले हसली, "काका, इथेही बँक काढली का?" म्हणाली. पासवर्ड दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलतो आणि रजिस्टरमध्ये सही केल्यावरच सांगितला जातो. पायरीवरची रात्रीची गर्दी दुसऱ्याच महिन्यात ओसरली. अभ्यासिकेतील खुर्च्या मात्र आता अपुऱ्या पडतात, आणि त्यासाठीचा अर्ज कार्यकारिणीपुढे अद्याप प्रलंबित आहे.