लांडग्याचा पंजा आणि वेदीपुढचं अर्पण

आजचे वाचन : मत्तय ५:२३-२४



आजच्या वचनात येशू एक अवघड गोष्ट सांगतो. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. मग अर्पण तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, आणि नंतर परत येऊन अर्पण वाहा.

हे वचन वाचताना मला एक जुनं चित्र आठवतं. ते खरोखरच एका वेदीवरचं होतं.

इटलीतल्या बोर्गो सान सेपोल्क्रो या गावातल्या फ्रान्सिस्कन बंधूंनी १४३७ मध्ये सिएनाच्या सासेत्ता या चित्रकाराला आपल्या चर्चच्या मुख्य वेदीसाठी चित्रफलक करायला सांगितलं. ते काम १४४४ मध्ये पूर्ण झालं. फलक दोन्ही बाजूंनी रंगवलेला होता. पुढच्या बाजूला, लोकांच्या समोर, पवित्र मरिया आणि बाळ येशू. मागच्या बाजूला, जिथे मठातले बंधू प्रार्थनेला बसत, तिथे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या जीवनातले आठ प्रसंग. पुढे हा फलक सुटा करण्यात आला आणि त्याचे तुकडे जगभर विखुरले. आठांपैकी सात प्रसंग आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. त्यातलाच एक म्हणजे गुब्बिओच्या लांडग्याचा. लाकडी फळीवर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढलेला, जेमतेम ८६ सेंटिमीटर उंचीचा.

गोष्ट अशी. गुब्बिओ नावाच्या गावाबाहेर एक लांडगा जनावरं आणि माणसंही मारत होता. लोक वेशीबाहेर पडायला घाबरत. फ्रान्सिस त्याला भेटायला गेला. त्याला ‘बंधू लांडगा’ म्हणाला, पण त्याचे गुन्हेही तोंडावर सांगितले. मग म्हणाला, की तू हे भुकेपोटी केलंस हे मला कळतं. गाव तुला रोज खायला देईल, तू कुणाला इजा करायची नाही. लांडग्याने पंजा उचलून फ्रान्सिसच्या हातात दिला. पुढे दोन वर्षं तो दारोदार फिरून खात राहिला, कुत्रीही त्याच्यावर भुंकली नाहीत. म्हातारपणाने तो गेला तेव्हा गावाला वाईट वाटलं.

ही आख्यायिका आहे. फ्रान्सिस १२२६ मध्ये वारला, आणि ‘फिओरेत्ती’ या कथासंग्रहात ती आली ती त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. तेव्हा ‘हे अगदी असंच घडलं का?’ यावर वाद घालत बसण्यापेक्षा, त्या मठातल्या बंधूंना रोज प्रार्थनेच्या वेळी हेच चित्र समोर का हवं होतं, ते बघूया. तीन गोष्टी नीट पाहा.

१. हाडं झाकलेली नाहीत.
लांडग्याच्या बाजूला, रस्त्यावर, त्याने मारलेल्यांची हाडं आणि तुटलेले अवयव पडलेले दिसतात. चमत्काराचं चित्र म्हणून सासेत्ताने ती जागा स्वच्छ केली नाही. आपण मात्र समेट करताना म्हणतो, ‘जाऊ दे रे, सोड ना, झालं गेलं विसर.’ ज्याला लागलं त्याला विसरायला सांगणं म्हणजे समेट नव्हे. काय घडलं ते समोर दिसत असतानाच हात पुढे झाला, म्हणून तर तो चमत्कार.

२. शेजारी एक लेखनिक बसला आहे.
कथेत हा माणूस नाही. तो चित्रात आला आहे. वेशीच्या दाराशी पुरुषांची गर्दी, तटावरून बायका बघताहेत, आणि लेखनिक करार लिहून घेतो आहे. म्हणजे ‘सॉरी’ एवढ्यावर भागलं नाही. काय थांबणार, कोण काय देणार, हे चारचौघांसमोर ठरलं. तुम्हाला कुणी खरंच इजा केली असेल, तर एकट्याने, काही अटी न ठरवता परत त्याच्यापुढे जाऊन उभं राहा, असं हे चित्र सांगत नाही. मत्तयच्या १८ व्या अध्यायात येशूही साक्षीदार सोबत न्यायला सांगतोच. विश्वासातली, जाणती माणसं बरोबर घ्या. अंतर ठेवणं गरजेचं असेल तर ठेवा.

३. या चित्रात मी कुठे आहे?
चित्र पाहताना आपण नकळत गावकऱ्यांमध्ये जाऊन उभे राहतो. माझा लांडगा कोण, हे आपल्याला लगेच आठवतं : तो बॉस, ती मैत्रीण, तो काका. पण आजचं वचन पुन्हा वाचा. माझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे असं तिथे म्हटलेलं नाही. *त्याच्या* मनात *माझ्याविरुद्ध* काही आहे. म्हणजे या वचनात पंजा माझा आहे. भूक असेल, भीती असेल, कामाचा ताण असेल. कारण खरंही असेल. फ्रान्सिसने लांडग्याची भूक समजून घेतली, पण त्याचे गुन्हे पुसले नाहीत. आपणही आपल्या कारणामागे लपू नये.

आणि गावकऱ्यांनाही काम लागलंच. एका दिवसाचं कौतुक करून ते घरी गेले नाहीत; दोन वर्षं रोज कुणीतरी दार उघडून त्याला वाढलं. क्षमा एका क्षणात बोलता येते, निभवावी मात्र रोज लागते.

त्या बंधूंना मठात एकाच छपराखाली राहायचं होतं. कुणाचं कुणाशी बिनसलं असेल, तर प्रार्थनेला बसताच समोर वेदीवर तो पंजा दिसायचा.

आजसाठी
• माझ्याविरुद्ध कुणाच्या मनात काही आहे का? एकच नाव लिहा.
• मी नेमकं काय केलं, ते ‘पण’ न लावता एका वाक्यात लिहा.
• रविवारच्या मिस्साआधी त्या व्यक्तीला फोन करा. मेसेज नको, फोन. ती बोलायला तयार नसेल तर तिच्या नकाराचा मान ठेवा.

प्रार्थना
प्रभो, दुसऱ्याचे दात मला लगेच दिसतात, माझा पंजा दिसत नाही. तो आज मला दाखव. जे मी मोडलं ते नाव घेऊन कबूल करायचं धैर्य दे, आणि दिलेला शब्द उद्याही पाळायची ताकद दे. आमेन.