चंद्रावर कोसळलेले यान : एक देखावा आणि थोडे गणित

विज्ञानकथेत अवकाशयान कोसळते तेव्हा प्रचंड स्फोट होतो, ज्वाळा उठतात, धुराचे लोट आकाशात चढतात आणि एवढे होऊनही नायक दार उघडून सुखरूप बाहेर येतो. असाच एक देखावा आपण तयार करू या. अट एकच : यान कल्पनेतले चालेल, पण ते जिथे पडले तिथले निसर्गनियम खरे असले पाहिजेत. जागा म्हणून चंद्र निवडू. आपल्या यानातील प्रवासी वाचले आहेत, असेही ठरवू. ते कसे वाचले, याचे उत्तर मात्र गणिताकडून घ्यावे लागेल.

यान

विमानाच्या मॉडेलचे एखादे जुने, अर्धवट किट मिळवा. खोक्यावर बहुधा १:७२ असे प्रमाण छापलेले असते. म्हणजे मॉडेलमधील १ सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातील ७२ सेंटिमीटर. २० सेंटिमीटरचे यान प्रत्यक्षात १४.४ मीटर लांब, आणि १.८ मीटर उंचीचा अंतराळवीर अडीच सेंटिमीटरचा होईल.

चंद्रावर हवा नाही, तेव्हा पंखांचा तिथे उपयोग नाही. ते कापून टाका. त्यांच्या जागी औषधाच्या बाटल्यांची झाकणे, बॉलपेनच्या नळ्या, इतर किटचे उरलेले भाग चिकटवा. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील यानांवरही मॉडेलकारांनी बाजारातल्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटमधील सुटे भाग बसवले होते.

यानाला भोक पाडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक या प्रमाणात ७२ मिलिमीटर जाडीची भिंत होते! म्हणून फाटलेल्या कडा आतून पॉलिश पेपरने घासून पातळ करा. फाटका पत्रा दाखवण्यासाठी मलमाच्या रिकाम्या धातूच्या ट्यूबचे तुकडे चुरगाळून लावा.

किती वेगाने पडले?

चंद्राच्या पृष्ठभागाजवळून फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे १,७०० मीटर असतो. गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. या वेगाला यानाच्या दर किलोग्रॅमची ऊर्जा सुमारे १४.५ लक्ष ज्यूल येते. साधारण एक तृतीयांश किलोग्रॅम टी.एन.टी.च्या स्फोटाइतकी. यान तसेच आदळले, तर ओळखू येईल असे काहीच उरणार नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ मोहिमेच्या अग्निबाणाचा तिसरा टप्पा चंद्रावर मुद्दाम आदळवला होता. सेकंदाला सुमारे २.६ किलोमीटर वेगाने तो आदळला आणि तिथे सुमारे ३० मीटर व्यासाचे विवर पडले. आपल्या प्रमाणात ते ४२ सेंटिमीटर होईल. तेव्हा देखाव्यात एक तर विवर दाखवा, नाही तर यान. दोन्ही एकत्र दाखवणे खोटे ठरेल.

प्रवासी वाचायचे, तर यानाने आधी इंजिने चालवून वेग बराच कमी केला असला पाहिजे. समजा, ते जवळजवळ आडवे, सेकंदाला ४० मीटर वेगाने जमिनीला टेकले. आता दर किलोग्रॅमची ऊर्जा अवघी ८०० ज्यूल.

चर किती लांब?

घसरणारे यान घर्षणाने थांबते. घर्षणांक ०.५ धरू. चंद्रावरील गुरुत्वत्वरण १.६२, म्हणून यानाचा वेग दर सेकंदाला ०.८१ मीटरने कमी होईल.

अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × दर सेकंदाची घट) = १,६०० ÷ १.६२ = सुमारे ९९० मीटर.

म्हणजे आपल्या प्रमाणात जवळजवळ १४ मीटर. वर्गाच्या खोलीत मावणार नाही! पृथ्वीवर हेच अंतर सुमारे १६३ मीटर आले असते. गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून यानाचा जमिनीवरील दाब कमी आणि घर्षणही कमी. प्रत्यक्षात माती उकरण्यात आणि पुढे ढकलण्यातही ऊर्जा खर्च होते, त्यामुळे चर याहून आखूड असेल. तरीही तो आपल्या फळीवर मावणार नाही.

मग काय करायचे? चराचा फक्त शेवट दाखवायचा. फळी ९० सेंटिमीटर लांब घ्या आणि यानामागचा ५० सेंटिमीटरचा चर थेट फळीच्या कडेपर्यंत न्या. ५० सेंटिमीटर म्हणजे ३६ मीटर. उलटे गणित केले, तर कडेपाशी यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६ मीटर, म्हणजे वेगाने चालवलेल्या सायकलइतकाच होता. मोठी मोडतोड मागेच, फळीच्या बाहेर झाली. म्हणून इथे थोडेच तुकडे टाका. आणि प्रवासी कसे वाचले, याचे उत्तरही इथेच आहे : वेग एकदम नव्हे, हळूहळू संपला. वाटेत मोठा खडक आडवा आला असता, तर मात्र निभावले नसते.

जमीन

थर्माकोलच्या थरावर कागदाचा लगदा पसरा. चर कोरून घ्या, दोन्ही काठांवर मातीचे वरंबे करा आणि यानाच्या नाकाशी ढीग घाला. वाळल्यावर डिंक लावून वस्त्रगाळ राख भुरभुरवा आणि गडद करड्या रंगाचा हात द्या. उडालेली माती लांबवर दाखवा : सेकंदाला ४ मीटर वेगाने ४५ अंशांत उडालेला कण चंद्रावर सुमारे १० मीटर जातो, म्हणजे फळीवर १४ सेंटिमीटर.

धुरासाठी कापूस लावू नका. हवा नाही, म्हणून आग धुमसत राहत नाही आणि धूळही तरंगत नाही. मागे काळा कागद लावा आणि एकच दिवा बाजूने, खालून ठेवा. सावल्या गडद आणि रेखीव पडल्या पाहिजेत. शेवटी यानाच्या दारापासून पावलांचे ठसे काढा, प्रत्येकी ४ मिलिमीटरचे.

खरा अपघात

७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ मधील ‘विक्रम’ अवतरक चंद्रावर आदळला. उतरताना त्याचा वेग ठरल्याप्रमाणे कमी झाला नव्हता. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमणियन यांनी नासाची छायाचित्रे ताडून त्याचा पहिला तुकडा ओळखला. तो मुख्य जागेपासून सुमारे ७५० मीटरवर होता. आपल्या प्रमाणात हे अंतर १० मीटरहून जास्त भरते! त्या अपघाताचा कसून अभ्यास झाला, आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ अलगद उतरला.

देखाव्याशेजारी हे गणित मोठ्या अक्षरांत लावा. मग पुढचे गणित तुम्हीच करा : हेच यान याच वेगाने मंगळावर उतरले, तर चर किती लांब होईल? तिथले गुरुत्वत्वरण ३.७ आहे, आणि थोडी का होईना, हवाही आहे. देखाव्यात काय काय बदलावे लागेल?