पुढची तारीख कोणती?

गावात डोळे तपासण्याचे शिबिर होते. वार होता गुरुवार. गावात एक आजी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. माणूस दारात उभा राहिला तरी तिला तो आवाजावरून ओळखावा लागे. आजीने आदल्या दिवशीच धुतलेले लुगडे काढून ठेवले.

संध्याकाळी नातवाच्या मोबाइलवर निरोप आला. निरोप असा होता :

"उद्याचे नेत्र शिबिर पोस्टपोन झाले आहे. ते पुढील गुरुवारी त्याच जागी होईल."

नातवाने पहिली ओळ वाचली आणि मोबाइल खिशात टाकला. तो म्हणाला, "आजी, शिबिर नाय आता. पोस्टपोन झालं."

आजी म्हणाली, "बरं बाबा. नशीब आपलं." तिने लुगडे पुन्हा ट्रंकेत ठेवले.

पुढचा गुरुवार आला. शिबिर भरले. गावातली माणसे गेली. आजी घरीच बसून राहिली. तिला कळले तेव्हा दिवस मावळला होता. डॉक्टरांची गाडी निघून गेली होती.

चूक कोणाची? आजीची नाही. नातवाने मुद्दाम काही केले नाही. एका शब्दाचा अर्थ पुरता कळला नाही, आणि आजीचे डोळे तसेच राहिले.

आज आपण तोच शब्द शिकू.

शब्द फोडून पाहू

आजीची सून रात्रीच्या वर्गाला येते. तिने वर्गात ही हकिकत सांगितली. गुरुजींनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले : पोस्ट – पोन.

आबा पुढेच बसले होते. त्यांनी विचारले, "गुरुजी, यातलं पोस्ट म्हंजी टपाल का वो?"

सगळे हसले. गुरुजीही हसले. ते म्हणाले, "नाही आबा. टपालाचे पोस्ट निराळे. तुम्ही पोस्टमॉर्टेम हा शब्द ऐकला असेल."

"ऐकलाय की. माणूस मेल्यावर सरकारी दवाखान्यात तपासत्यात, ते."

"बरोबर. पोस्टमॉर्टेम म्हणजे मरणानंतरचे. त्यातले पोस्ट म्हणजे 'नंतर'. आपल्या शब्दातले पोस्ट तेच. हा शब्द इंग्रजीत आला लॅटिन भाषेतून. लॅटिन ही जुन्या रोम शहराची भाषा. 'पोन' हा तुकडाही तिथलाच. त्याचा अर्थ 'ठेवणे'. आता दोन्ही तुकडे जोडा."

सून म्हणाली, "नंतर ठेवणे."

"शाब्बास. काम मोडले नाही. ते उचलून पुढे ठेवले. पाहुणे उशिरा येणार असले, तर आपण जेवण पुढे ढकलतो. चूल विझवून भाकरी टाकून देत नाही. पोस्टपोन म्हणजे तेच. मराठीत म्हणायचे 'पुढे ढकलणे' किंवा 'लांबणीवर टाकणे'."

मग गुरुजींनी एक गंमत सांगितली. आपल्या देशात या शब्दाला एक भाऊ मिळाला आहे. तो शब्द प्रीपोन. 'प्री' म्हणजे आधी. सोमवारची बैठक शनिवारी घेतली, तर लोक म्हणतात, बैठक प्रीपोन झाली. इंग्लंडात हा शब्द फारसा वापरत नाहीत. आपल्याकडे तो रुळला आहे.

सारखे वाटणारे तीन शब्द

गुरुजींनी फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहिले. हे शब्द आपण दवाखान्यात, बँकेत, कचेरीत रोज ऐकतो. ते सारखे वाटतात, पण सारखे नाहीत.

पहिला शब्द : कॅन्सल. म्हणजे रद्द. हा शब्दही लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी जाळीचा अर्थ आहे. लिहिलेल्यावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या की जाळी दिसते. मजकूर खोडला जातो. काम कॅन्सल झाले म्हणजे ते खोडले. त्याची वाट पाहू नये.

दुसरा शब्द : पोस्टपोन. काम होणार आहे. दिवस बदलला आहे. नवा दिवस विचारून घ्यावा.

तिसरा शब्द : पेंडिंग. याच्या मुळाशी 'टांगणे, लोंबणे' असा अर्थ आहे. भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकाला इंग्रजीत पेंड्युलम म्हणतात. तो शब्द याच घरचा. पेंडिंग काम म्हणजे लोंबकळत पडलेले काम. ते खोडलेले नाही, आणि त्याला दिवसही नेमलेला नाही.

गुरुजी म्हणाले, "तीन शब्दांची खूण ध्यानात ठेवा. खोडले ते कॅन्सल. पुढे ठेवले ते पोस्टपोन. टांगले ते पेंडिंग."

आणखी एक शब्द : तहकूब

ग्रामसभेच्या सूचनेत तुम्ही 'तहकूब' हा शब्द वाचला असेल. इंग्रजीत त्याला ॲडजर्न म्हणतात. पोस्टपोन आणि तहकूब यांत थोडा फरक आहे. सभा भरण्याच्या आधीच दिवस बदलला, तर ती पुढे ढकलली. लोक जमले, सभा भरली, आणि मग थांबवली, तर ती तहकूब झाली.

ग्रामसभेला ठरावीक माणसे हजर लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला जो आकडा लहान असेल तितकी माणसे हवीत. तितकी आली नाहीत तर सभा तहकूब होते. पण ती पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. म्हणजे थोडी माणसे आली तरी कामकाज चालते.

आता विचार करा. 'सभा तहकूब झाली' एवढेच ऐकून तुम्ही घरी बसलात. पुढची तारीख विचारली नाही. मग आपल्या वस्तीचा रस्ता, आपल्या वस्तीचे पाणी, हे कोण मांडणार?

आबांची गोष्ट

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुरुजी, आमचं एक काम आठ वर्सं पेंडिंग हाय."

"कोणते काम, आबा?"

"वडील वारलं. सातबाऱ्यावर आम्हां भावंडांची नावं लावायची व्हती. थोरला म्हनला, सुगी झाल्यावर बघू. सुगी झाली. मग लग्नसराई आली. मग म्हनलो, दिवाळीला भन येईल तवा बघू. भन आली आन् गेली. कुनी इषयच काढला न्हाई. गेल्या साली थोरला बी गेला. आता त्याची पोरं मुंबईला. एक कागद गोळा करायचा तर चार गावं फिरावं लागतंय."

वर्गात कोणी हसले नाही. अशी गोष्ट पुष्कळ घरांत आहे.

गुरुजी म्हणाले, "आबा, महाराष्ट्रात १९६६ चा जमीन महसूल कायदा आहे. वारसाने जमीन आली, की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे त्यात सांगितले आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तीन महिने उलटले म्हणून तुमचा हक्क जात नाही. नोंद आजही होते. पण जितका उशीर, तितकी माणसे वाढतात, पांगतात, आणि काम अवघड होते."

मग त्यांनी दुसरे उदाहरण दिले. बाळ जन्मले किंवा माणूस वारले, तर नोंद २१ दिवसांत करावी. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर घरच्यांनी कळवायचे. १९६९ च्या कायद्यात हे आले आहे. २१ दिवस गेले तर उशिराची फी पडते. ३० दिवस गेले तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष गेले तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. काम तेच, कागद तोच. पण आज जे गावात होते, त्यासाठी उद्या तालुक्याला खेपा पडतात.

वाण्याच्या दुकानात पाटी असते : आज रोख, उद्या उधार. तुम्ही उद्या गेलात तरी पाटी तीच. तो 'उद्या' कधी येत नाही. आपण 'बघू नंतर' म्हणतो, तो 'नंतर' या पाटीवरचाच आहे.

जे पुढे ढकलू नये

सून म्हणाली, "गुरुजी, मग काम पुढं ढकलूच नये का?"

गुरुजी म्हणाले, "तसे नाही. पावसाने लग्न पुढे ढकलावे लागते. पाऊस नसला तर पेरणी पुढे ढकलावी लागते. त्यात शहाणपण आहे. पण काही कामांना 'नंतर' नसतेच."

मग त्यांनी कुत्रे चावण्याचे सांगितले. हे नीट वाचा.

कुत्रे चावले की लोक म्हणतात, "लहान जखम हाय. बाजाराच्या दिवशी जाऊ दवाखान्यात." असे करू नका. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून रेबीज हा रोग होतो. जखम भरून येते, माणूस हिंडतो फिरतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी रोग उठतो. एकदा रोग उठला की माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर रोग टाळता येतो.

म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने १५ मिनिटे धुवा. तिच्यावर तिखट, चुना, हळद लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लसीचे एकाहून जास्त डोस असतात. प्रत्येक डोसाची तारीख डॉक्टर कागदावर लिहून देतात. ती तारीख चुकवू नका. इथे पोस्टपोन हा शब्द चालत नाही.

कसोटी

काम पुढे ढकलताना स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. कोणते काम?
२. कोणत्या तारखेला?
३. कोण करणार?

तिन्ही उत्तरे आली, तर काम पोस्टपोन झाले. तारीख आली नाही, तर काम पेंडिंग झाले. मग त्याला पुढे ढकलणे म्हणू नका. ती चालढकल आहे.

दुसऱ्याने आपले काम पुढे ढकलले, तरी हाच प्रश्न विचारा. कचेरीत कोणी म्हणाले, "नंतर या", तर नम्रपणे विचारा, "साहेब, कोणत्या तारखेला येऊ?" तारीख तिथेच लिहून घ्या. पूर्वी तुम्ही ती तोंडपाठ ठेवत होता. वाटेत दहा माणसे भेटली की ती विसरत होता. आता तुम्हांला लिहिता येते. लिहिलेली तारीख विसरत नाही.

पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी सून आजीला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी डोळे तपासले. आधी एका डोळ्याचे ऑपरेशन करायचे ठरले. तारीख मिळाली. सुनेने ती घरच्या कॅलेंडरवर आपल्या हाताने लिहिली.

पण ऑपरेशनच्या दिवशी आजीला खोकला झाला. ताप आला. नर्सबाई म्हणाल्या, "आजी, आज ऑपरेशन नाही होणार. पोस्टपोन करावं लागेल."

सून काही बोलणार, इतक्यात आजीच म्हणाली, "व्हय बाई, पुढं ठिवलं म्हना की. पर पुढची तारीख कोणती?"

नर्सबाईंनी तारीख सांगितली. सुनेने लिहून घेतली. त्या तारखेला आजीचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाली तेव्हा नातू समोर उभा होता. आजी त्याला म्हणाली, "किती वाळलास रे!"

आणि आबा? आबांनी मुंबईच्या पुतण्यांना पत्र लिहिले. त्यांनी आयुष्यात लिहिलेले ते पहिले पत्र. पत्रात चार ओळी होत्या. शेवटच्या ओळीत तारीख होती.

नवे शब्द

पोस्टपोन – पुढे ढकलणे, लांबणीवर टाकणे
कॅन्सल – रद्द
पेंडिंग – लोंबकळत पडलेले
तहकूब – भरलेली सभा थांबवून पुढे ठेवलेली
गणपूर्ती – सभेला हवी तितकी हजेरी
चालढकल – तारीख न नेमता काम टाळणे

उत्तरे सांगा

१. आजीचे पहिले शिबिर का चुकले?
२. कॅन्सल आणि पोस्टपोन यांत फरक काय?
३. घरी बाळ जन्मले तर किती दिवसांत नोंद करावी?
४. कुत्रे चावल्यावर सर्वांत आधी काय करावे?

लिहा

तुमच्या घरात कोणते काम पेंडिंग आहे? ते एका ओळीत लिहा. पुढे तारीख लिहा. ते काम कोण करणार, त्याचे नाव लिहा. कागद भिंतीवर लावा.